मोत्यें, मोहरा आणि खुर्दा : ऐतिहासिक कागदांतील लाक्षणिक भाषेची परीक्षा

(१)

अलंकारशास्त्र हें कवींसाठीं व काव्यरसिकांसाठीं. इतिहाससंशोधकानें मोडी लिपि, कालगणना, वंशावळी आणि नाणीं यांचा अभ्यास करावा, उपमा-रूपकांच्या नादीं लागूं नये, अशी समजूत आपल्याकडे बरीच रूढ आहे. शाळेंतून अलंकार शिकविले जातात तेही लक्षण पाठ करून उदाहरण ओळखण्यापुरते. परीक्षा संपली कीं उपमा आणि रूपक यांतील भेद मागें पडतो. प्रस्तुत लेखाचें म्हणणें याच्या उलट आहे. ज्यास जुन्या कागदाची साक्ष तोलावयाची आहे त्यास लाक्षणिक भाषेचे नेहमींचे प्रकार ओळखतां येणें हें मोडी वाचतां येण्याइतकेंच आवश्यक आहे. पत्र लिहिणारा कारकून, बखरकार, सावकार किंवा शाहीर हा आपल्यासारखाच मनुष्य होता. तो सरळ बोले तसा आडवळणानेंही बोले. त्याचें आडवळण आपण सरळ समजलों तर न घडलेली घटना इतिहासांत शिरते. आणि त्याचें सरळ बोलणें आपण अलंकार समजून सोडून दिलें तर घडलेली घटना हातची जाते. हे दोन्ही प्रमाद आपल्या इतिहासलेखनांत झालेले आहेत, व त्यांचीं उदाहरणें शोधावयास दूर जावें लागत नाहीं.

कै. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला व त्याच्या प्रस्तावनेंत बखरींची कसून झडती घेतली. तेव्हांपासून अस्सल पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर यांच्या प्रामाण्यांतील अंतर सर्वांस पटलें आहे. परंतु कागद अस्सल ठरला म्हणजे त्यांतील प्रत्येक शब्द वाच्यार्थानेंच घ्यावा असें त्यावरून निष्पन्न होत नाहीं. कागद कोणाचा, हें ठरविणें ही परीक्षेची पहिली पायरी. कागद काय म्हणतो, हें ठरविणें ही दुसरी. या दुसऱ्या पायरीसाठीं लागणारीं साधनें आपल्या शास्त्रकारांनीं तयार करून ठेविलीं आहेत, त्यांचा उपयोग मात्र आपण करीत नाहीं.

(२)

अकराव्या शतकांत काश्मीरांत होऊन गेलेल्या मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत. पहिली मुख्यार्थाचा बाध : शब्दाचा सरळ अर्थ त्या वाक्यांत जुळूं नये. दुसरी मुख्यार्थाशीं योग : जो दुसरा अर्थ घ्यावयाचा त्याचा सरळ अर्थाशीं कांहीं संबंध असावा. तिसरी रूढि किंवा प्रयोजन : तसें बोलण्याचा प्रघात तरी असावा, नाहीं तर तसें बोलण्यांत कांहीं हेतु तरी असावा. गंगेवर गवळीवाडा आहे, हें याचें ठरीव उदाहरण. प्रवाहावर वाडा वसत नाहीं, म्हणून गंगा म्हणजे गंगेचा तीर. आणि तीर न म्हणतां गंगा म्हणण्याचें प्रयोजन तेथील शीतलता व पावित्र्य सुचविणें हें.

कागदास हेच तीन प्रश्न विचारावे. सरळ अर्थ खरोखर अडतो काय? अडत असल्यास दुसरा अर्थ कोणत्या संबंधानें आला? आणि तसें लिहिण्याची रूढि होती, कीं लिहिणाराचा कांहीं हेतु होता? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें आलें तर पुढें जाऊंच नये. सरळ अर्थ संभवत असतां लक्षणा करणें हा दोष होय.

‘घोडा’ हा शब्द घेऊं. ‘इतका घोडा अमुक ठाण्यास रवाना झाला’ अशा धाटणीचीं वाक्यें पत्रांतून पुष्कळ येतात. ठाणें घेतल्याचें किंवा शत्रूची रसद मारल्याचें वृत्त असेल तर नुसतें जनावर तीं कामें करीत नाहीं. तेथें बाध आहे, व घोडा म्हणजे स्वार. भाले आंत शिरले म्हणजे भालाईत शिरले, हें जें शास्त्रांतील उदाहरण त्याच जातीचें हें. पण तोच शब्द चंदी-वैरणीच्या हिशेबांत आला तर बाध कोठेंच नाहीं. तेथें घोडा म्हणजे घोडाच. शिलेदार स्वतःचें घोडें घेऊन चाकरीस येई, बारगीर सरकारच्या किंवा सरदाराच्या घोड्यावर बसे, आणि मोठ्या स्वारींत राखीव जनावरेंही असत. म्हणून एका कागदांतील घोड्यांचा आंकडा उचलून दुसऱ्या कागदांतील माणसांच्या आंकड्याशीं ताडणें आणि ‘दोन अस्सल कागदांत विरोध आहे’ असा निकाल देणें हें न्याय्य नव्हे. विरोध कागदांत नसतो, वाचण्यांत असतो.

‘उंबरा’ या शब्दाचेंही असेंच. पन्नास उंबऱ्यांचा गांव म्हणजे पन्नास घरांचा गांव. परंतु एका उंबऱ्याआड तीन भावांच्या तीन चुली असूं शकतात. उंबऱ्यांवरून केलेली माणसांची गणती आणि चुलींवरून केलेली गणती वेगळी आल्यास मधल्या काळांत गांव वाढला किंवा ओस पडला असा निष्कर्ष काढण्यापूर्वीं दोन्ही शब्दांची लक्षणा तपासली पाहिजे.

संख्यांनाही लक्षणा लागते. अठरापगड जाति म्हणणारा कोणी पगड्या मोजीत नाहीं. बारा बलुतेदारांची यादी गांवोगांव थोडी बदलते, पण बारा हा आंकडा बदलत नाहीं. म्हणजे तेथें बारा ही मोजणी नसून व्यवस्थेचें नांव आहे. याविषयीं साधा नियम असा करावा कीं, आंकड्यामागें यादी किंवा बेरीज येत असेल तर तो गणतीचा. येत नसेल आणि तो आंकडा बारा, अठरा, छत्तीस, लाख अशा नेहमींच्या घरांतला असेल तर तो रूढीचा समजून चालावें.

(३)

उपमा हा सर्वांत सोपा अलंकार, असें विद्यार्थ्यांस सांगण्यांत येतें. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि ‘सारखें’ असा अर्थ सांगणारा शब्द, हीं तिचीं चार अंगें. चारही अंगें उघड असतां चूक होण्यास जागा नाहीं असें वाटेल. तरी पण महाराष्ट्रांतील सर्वांत प्रसिद्ध उपमेचें उपमेयच अनेकदां चुकविलें जातें.

शिवाजी महाराजांच्या संस्कृत मुद्रेंत प्रतिपदेच्या चंद्रकोरीची उपमा आहे. पुष्कळ व्याख्यानांतून व पाठांतून ‘महाराज प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणें वाढत जाणारे’ किंवा ‘महाराजांचें राज्य चंद्राप्रमाणें वाढणारें’ असा अर्थ सांगितला जातो. श्लोकाची रचना तसें सांगत नाहीं. वाढण्याच्या अर्थाचें जें विशेषण आहे त्याचें रूप पुल्लिंगांत व स्त्रीलिंगांत सारखेंच दिसतें, हें खरें; पण विश्वास वंद्य असल्याचें जें दुसरें विशेषण आहे तें निःसंशय स्त्रीलिंगी आहे. शहाजीपुत्र शिव हा तर षष्ठींत आहे, म्हणजे तो केवळ मुद्रेचा स्वामी. चंद्रकोर स्त्रीलिंगी, विशेषण स्त्रीलिंगी, मुद्रा स्त्रीलिंगी : उपमेय मुद्रा हेंच होय.

हा भेद केवळ वैयाकरणाचा नव्हे. मुद्रा वाढते म्हणजे त्या मुद्रेनें अंकित झालेली आज्ञा जेथवर चालते तें क्षेत्र वाढतें, आणि लोक तिला वंदन करतात म्हणजे ती आज्ञा मान्य करतात. येथें व्यक्तीची स्तुति नाहीं. अधिकाराची प्रतिज्ञा आहे. वाढावयाचें तें लोककल्याणासाठीं, हेंही त्या श्लोकांतच सांगितलें आहे. उपमेय चुकविलें कीं राजशासनाचें हें सूत्र भाटाची कविता होऊन बसतें. एका विशेषणाचें लिंग पाहण्याचा कंटाळा केल्यानें एवढा फरक पडतो.

(४)

उपमेंत उपमेय व उपमान दोन्ही दिसतात. रूपकांत दोहोंचा अभेद सांगितला जातो. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे उपमेय गिळून टाकून केवळ उपमान बोलणें. शास्त्रकार हिला साध्यवसाना लक्षणा म्हणतात, आणि तिजवर उभ्या असलेल्या अलंकारास अतिशयोक्तीचा पहिला प्रकार, किंवा रूपकातिशयोक्ति, असें नांव आहे. ‘हा मनुष्य सिंह आहे’ हें रूपक. मनुष्याचें नांवही न घेतां ‘सिंह आला’ असें म्हणणें ही रूपकातिशयोक्ति. इतिहासाच्या दृष्टीनें हा सर्वांत धोक्याचा अलंकार होय. कारण ज्याच्याविषयीं बोलणें चाललें आहे तोच वाक्यांत नसतो. तो वाचकानें आपल्या माहितीनें भरावयाचा असतो.

याचें ठळक उदाहरण सिंहगडाचें. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे यांनीं गडावर छापा घातला. गड मिळाला, तानाजी पडले. त्यावर, गड मिळाला परंतु सिंह गमावला असे उद्गार महाराजांनीं काढले आणि तेव्हांपासून कोंढाण्यास सिंहगड म्हणूं लागले, ही कथा महाराष्ट्रांत मुलांच्याही तोंडीं आहे. हरि नारायण आपटे यांनीं तो उद्गारच आपल्या कादंबरीस नांव म्हणून दिला. परंतु ३ एप्रिल १६६३ च्या महाराजांच्या पत्रांत सिंहगड हें नांव आलेलें आहे. छाप्याच्या जवळजवळ सात वर्षें आधींचें हें पत्र. तेव्हां तानाजींच्या मरणावरून गडाचें नांव पडलें हें म्हणणें टिकत नाहीं.

येथवर पुष्कळांनीं सांगितलें आहे. पण मग तो उद्गार कोठून आला, हा प्रश्न उरतोच, व त्याचें उत्तर अलंकाराच्या परीक्षेनें मिळतें. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत या प्रसंगीं महाराजांच्या तोंडीं जें वाक्य आहे त्यांत सिंह नाहीं. एक गड हातीं आला पण एक गड गेला, अशा आशयाचें तें आहे. म्हणजे तानाजींचें उपमान तेथें गड हेंच आहे. पहिला ‘गड’ वाच्यार्थाचा, दुसरा लक्षणेचा. दोहोंत साधारण धर्म आधार आणि अभेद्यता हा. किल्ल्यांच्या बळावर राज्य करणाऱ्या राजानें आपल्या माणसास किल्ला म्हणावें, यांत औचित्यही आहे. जमा-खर्च एकाच नाण्यांत मांडावा तसें हें वाक्य आहे : एक गड जमा, एक गड खर्च.

पुढें या वाक्यांत सिंह कसा शिरला? गडाचें नांव सिंहगड हें लोकांच्या जिभेवर होतें. ‘गड’ आणि ‘सिंह’ हे त्या नांवाचेच दोन अवयव. कोण्या कल्पक माणसानें नांवाची फोड करून एक अवयव जमेस व दुसरा खर्चास धरला, आणि श्लेषाच्या जोरावर जुनें वाक्य नवें झालें. म्हणजे मरणावरून नांव पडलें नाहीं. नांवावरून मरणाचा उद्गार घडला. कार्य आणि कारण यांची ही अदलाबदल अलंकार न ओळखल्यामुळें झाली. यानें तानाजींच्या पराक्रमास उणेपणा येत नाहीं. उलट, सभासदाचें वाक्य जुनें म्हणून अधिक विश्वसनीय आणि अर्थानेंही अधिक जड आहे. सिंह रानांत दुसरा मिळेल. गड मिळविण्यास मात्र पुन्हां तानाजीच लागतो.

(५)

आतां ज्यास मंगलभाषित म्हणतां येईल त्या प्रकाराकडे वळूं. अशुभ गोष्ट शुभ शब्दानें सांगण्याची चाल सर्व भाषांत आहे, आणि आपल्याकडे ती फार जुनी आहे. संस्कृतांत कोल्हीस शिवा म्हणतात. देवीच्या रोगाची अधिष्ठात्री शीतला. मराठींत दिवा मालविला असें न म्हणतां वाढविला म्हणावें, कुंकू वाढवावें, हातांतली बांगडी फुटली तर वाढली म्हणावें, दुकान बंद करावयाचें तें वाढवावें. येथें शब्दाचा अर्थ केवळ बदलत नाहीं, उलटा होतो. शास्त्रांतील विपरीतलक्षणेची ही गृहस्थी आवृत्ति होय.

ज्यांच्या संग्रहीं पेठेचे व सावकारीचे कागद आहेत त्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. ‘अमुक सालीं दुकान वाढविलें’ असा मजकूर दिसल्यास व्यापाराची भरभराट झाली असें टिपून ठेवण्यापूर्वीं पुढच्या सालच्या नोंदी आहेत कीं नाहींत हें पाहावें. त्या दुकानाच्या नोंदी तेथेंच थांबत असतील तर दुकान उठलें असें समजावें. कैलासवास, वैकुंठवास, देवाज्ञा हे शब्द सर्वांस कळतात म्हणून तेथें घोटाळा होत नाहीं. घोटाळा होतो तो ‘वाढणें’ यासारख्या साळसूद क्रियापदांनीं.

(६)

वरील सर्व प्रकारांची एकत्र परीक्षा व्हावी असा एक लेख आपल्या इतिहासांत आहे. पानिपतच्या पराभवाची बातमी ज्या सावकारी पत्रानें बाळाजी बाजीराव पेशव्यांस कळली तें हें पत्र. ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत ही हकीकत दिली आहे. पेशवे फौजेसह उत्तरेस जात असतां नर्मदेपाशीं, जानेवारी १७६१ च्या अखेरीस, औरंगाबादेकडे सावकारांचें पत्र घेऊन जाणारा एक कासीद त्यांस भेटला. पत्र उघडलें. त्यांत दोन मोत्यें विरघळलीं, सत्तावीस सोन्याच्या मोहरा हरवल्या, आणि रुपें व तांबें यांची तर बेरीजच होत नाहीं, अशा अर्थाचा मजकूर होता. मोत्यें म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. रुपें व तांबें म्हणजे शिपाई व बाजारबुणगे.

अलंकार म्हणून हें पत्र निर्दोष आहे. उपमेय एकही उच्चारलेलें नाहीं. सर्व उपमानें सराफाच्या एकाच पेटींतलीं आहेत, आणि मोलाच्या उतरत्या क्रमानें मांडलीं आहेत. त्यामुळें कोणतें उपमान कोणत्या उपमेयाचें हें क्रमच सांगतो. शेवटीं ‘बेरीज होत नाहीं’ हा हिशेबाचाच शब्द घालून रूपक अखेरपर्यंत सांभाळलें आहे. लेखक कवि नव्हता. वाटेंत पत्र परक्याच्या हातीं पडलें तरी तें देण्याघेण्याचें दिसावें, आणि ज्यास कळावयाचें त्यास कळावें, हें त्याचें प्रयोजन. काव्यांतील रूपक सर्व रसिकांसाठीं असतें. येथील रूपक एका वाचकासाठीं उघडें व इतरांसाठीं झांकलेलें आहे.

हें प्रयोजन लक्षांत घेतलें म्हणजे पाठाची परीक्षा करतां येते. आज हें वाक्य मराठींत ज्या रूपांत बहुधा सांगितलें जातें त्यांत लाखभर बांगड्या फुटल्याचें एक जादा कलम आढळतें. ग्रँट डफच्या पाठांत तें नाहीं. केवळ तेथें नाहीं एवढ्यावरून तें प्रक्षिप्त ठरविणें घाईचें होईल. परंतु त्या कलमाविरुद्ध तीन आंतरिक प्रमाणें आहेत. पहिलें, बांगडी ही सराफाच्या नाण्यांच्या पेटींतली वस्तु नव्हे. तिच्यामुळें मोतीं, सोनें, रुपें, तांबें ही सांखळी मध्येंच तुटते. दुसरें, तिची लक्षणा वेगळ्या जातीची आहे. मोतीं आणि सेनापति यांचा संबंध सादृश्याचा. बांगडी फुटणें आणि वैधव्य यांचा संबंध कार्यकारणाचा. एकाच वाक्यांत लेखकानें रीति बदलली असें मानावें लागेल. तिसरें आणि सर्वांत बळकट प्रमाण हें कीं, बांगड्या फुटण्यानें गुपित राहतच नाहीं. सहज फुटलेल्या बांगडीसही जेथें ‘वाढली’ म्हणतात, तेथें ‘फुटली’ हा उघडा शब्द ऐकतांच कोणाही मराठी माणसास वैधव्य दिसतें. बाकीचें सर्व झांकणारा लेखक मध्येंच एवढा उघडा बोलेल हें संभवत नाहीं. शिवाय त्यांतील लाख हा आंकडा वर सांगितलेल्या रूढीच्या घरांतला आहे. तेव्हां हें कलम पत्राचें नसून पत्रावर मागाहून उमटलेल्या शोकाचें आहे. तें खोटें नव्हे. पण त्याची साक्ष १७६१ च्या सावकाराची नाहीं, त्यानंतरच्या महाराष्ट्राची आहे.

सत्तावीस या आंकड्याचें काय? नक्षत्रें सत्तावीस, म्हणून हाही रूढीचा आंकडा असें कोणी म्हणेल. पण नक्षत्रांचा येथें कांहीं संबंध नाहीं, आणि अंदाजानें बोलणारा सराफ वीस, पंचवीस किंवा तीस म्हणाला असता. रुपें-तांब्याची बेरीज होत नाहीं असें जो प्रामाणिकपणें सांगतो तो मोहरांचा आंकडा देतो, यावरून त्यानें तो मोजला होता असें दिसतें. मात्र तो १४ जानेवारीच्या लढाईनंतर लगेच, पळापळीच्या धामधुमींत कानावर आलेल्या नांवांचा आंकडा आहे. त्यावरून पडलेल्या सरदारांची पक्की यादी जुळविण्याचा हट्ट धरूं नये.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मोत्यांच्या क्रियापदाचा आहे. ग्रँट डफच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विरघळणें असा होतो; प्रचलित मराठी पाठांत ‘गळणें’ हें क्रियापद आहे. दोहोंत अंतर मोठें आहे. विरघळलेलें मोतीं पुन्हां हातीं येत नाहीं. गळलेलें मोतीं नथेंतून किंवा सरींतून निखळून पडलेलें असतें, तें धुळींत कोठें तरी असूंही शकतें. पहिला शब्द मृत्यु सांगतो, दुसरा बेपत्ता होणें सांगतो. विश्वासरावांविषयीं या दोहोंत भेद पडत नाहीं. त्यांचें प्रेत मिळालें होतें. भाऊंविषयीं मात्र सर्व प्रश्न या एका क्रियापदांत सांठविला आहे. काशिराजाच्या फारसी वृत्तांतांत शिर नसलेलें एक धड भाऊंचें म्हणून ओळखल्याची हकीकत आहे. पण महाराष्ट्रांत सर्वांची खात्री पटली नाहीं. पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करलें नाहीं. पुढें भाऊंच्या नांवानें तोतया उभा राहिला, त्यास अनुयायी मिळाले, आणि १७७६ सालीं त्याचा देहान्त करून तें प्रकरण संपवावें लागलें.

यावरून निष्कर्ष असा. या पत्राच्या आधारें ‘भाऊंच्या मृत्यूची पक्की बातमी पेशव्यांस जानेवारींतच मिळाली होती’ असें विधान करणें युक्त नव्हे. मुळांत विरघळणें असेल तर सावकाराची तशी समजूत होती एवढेंच ठरेल. गळणें असेल तर तेवढेंही ठरणार नाहीं. रूपकानें बातमी जलद पोंचते, पण खात्री पोंचत नाहीं. आशेनें वाचणारास त्यांत आशा सांपडते, व निराशेनें वाचणारास निराशा. पेशव्यांनीं कोणता अर्थ घेतला हें त्यांच्या पुढील आयुष्यानें सांगितलें : २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

(७)

पानिपतामुळें मराठी भाषेंत कांहीं वाक्प्रचार आले, आणि न आलेलेही त्याच्या खात्यावर जमा झाले. एखाद्याचें पानिपत होणें हा पहिल्या वर्गांतला. विशेषनामाचें सामान्यनाम झालें. विश्वास पानिपतावर गेला, ही म्हणही त्याच वर्गांतली. तीत विश्वासरावांच्या नांवावर श्लेष आहे, आणि तो घटनेवांचून उत्पन्न होणें शक्य नाहीं.

परंतु ‘संक्रांत कोसळणें’ हा वाक्प्रचार संक्रांतीच्या दिवशीं झालेल्या पानिपताच्या संहारावरून आला, असें जें सांगितलें जातें तें निराधार आहे. लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. हल्लीं मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते, म्हणून तीच तारीख मागें नेऊन हा मेळ घातला आहे. आपल्या पंचांगाचें सौर वर्ष इंग्रजी वर्षापेक्षां किंचित् मोठें असल्यामुळें संक्रांतीची इंग्रजी तारीख सुमारें साठ वर्षांस एक दिवस पुढें सरकते. १७६१ सालीं सूर्य मकरेंत गेला तो लढाईच्या सुमारें चार दिवस आधीं. तेव्हां तारखेचाच मेळ बसत नाहीं. वाक्प्रचाराचा उगमही दुसरीकडे शोधण्याची गरज नाहीं. पंचांगांतील संक्रांतफल पाहावें : संक्रांत ही वाहनावर बसून, शस्त्र घेऊन येणारी देवता, ती ज्या दिशेस पाहते वा जाते तेथें पीडा, आणि ज्या वस्तु धारण करते त्या महाग. ज्या लोकांनीं दर वर्षीं हें फल ऐकलें त्यांस आपत्तीस संक्रांत म्हणण्यासाठीं पानिपताची वाट पाहण्याचें कारण नव्हतें. येथें मम्मटाचा दुसरा प्रश्न, म्हणजे संबंध कोणता, न विचारल्यामुळें रूढीस इतिहासाचा मुलामा चढला.

‘अटकेपार झेंडे लावणें’ याची गोष्ट मधली आहे. १७५८ सालीं मराठी फौजा अटकेपर्यंत पोंचल्या ही घटना खरी. झेंडा म्हणजे सत्ता, ही लक्षणाही सरळ. पण आज तो वाक्प्रचार कोणत्याही मोठ्या यशास लावतात, आणि मग त्या अतिशयोक्तीच्या चष्म्यांतून १७५८ कडे पाहून तेथें टिकाऊ राज्य होतें असें समजतात. घटनेंतून वाक्प्रचार निघतो तोंवर ठीक. वाक्प्रचारांतून घटना काढूं लागलें म्हणजे प्रमाद होतो.

(८)

यावरून संग्राहकांस व प्रती उतरून घेणारांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. कागदाची नक्कल करतांना क्रियापद बदलूं नये. गळणें, हरपणें, बुडणें, विरघळणें हीं सर्व एकच समजून ‘सुबोध’ शब्द घातला तर पुरावाच नाहींसा होतो. एकाच वाक्याचे दोन पाठ मिळाले तर अधिक अलंकृत पाठ अधिक जुना असें मानूं नये. बहुधा उलट असतें. कागद कोणत्या रुमालांतला, हिशेबाचा कीं बातमीचा, हें प्रत्येक नकलेवर लिहून ठेवावें. कारण लक्षणा आहे कीं नाहीं हें शब्दावरून ठरत नाहीं, शेजारच्या शब्दांवरून ठरतें. आणि जेथें रूपक असेल तेथें त्याचीं सर्व अंगें एका घरचीं आहेत कीं नाहींत हें तपासावें. परकें अंग दिसलें कीं तेथें दुसरा हात लागला आहे असा संशय धरावा.

कवीनें अलंकार वापरला तर त्याचा अर्थ रसिकानें लावावा आणि आनंद घ्यावा. कागदांतील अलंकाराचा अर्थ लावतांना आनंदाचा प्रश्न नसतो. एखादा मनुष्य मेला कीं हरवला, एखादें नांव आधींचें कीं नंतरचें, एखादें दुकान चाललें कीं बुडालें, हें त्यावर ठरत असतें. तेव्हां दफ्तराची गांठ सोडतांना शब्दकोशाबरोबर काव्यप्रकाशही हाताशीं असूं द्यावा. इत्यलम्.